कसाव्याच्या परागकोषांपासून ऊतिसंवर्धनाने एकगुणित रोपे तयार करता येतात का?

आपण जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकत आहात, प्रकल्पासाठी सहा महिने हाती आहेत, महाविद्यालयात ऊतिसंवर्धनाची बेताची प्रयोगशाळा आहे, आणि कसाव्याच्या, म्हणजे ज्याच्या स्टार्चपासून साबुदाणा होतो त्या कंदपिकाच्या, परागकोषांपासून एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) रोपे तयार करावीत असा आपला विचार आहे. त्यासाठी कोणते संप्रेरक किती प्रमाणात घालावे आणि यश कितपत मिळेल, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या तपशिलात आपण जाता जाता असेही लिहिले आहे की परागकोषापासून रोप आले म्हणजे ते एकगुणितच असणार. उत्तराची सुरुवात मला त्या विधानापासूनच करावी लागेल, कारण ते बरोबर नाही, आणि ते गृहीत धरून काम सुरू केले तर सहा महिन्यांच्या शेवटी हिरवीगार रोपे हातात असूनही सांगण्यासारखे काहीच नसेल.

परागकोषात केवळ परागकण नसतात. त्याची भिंत, भिंतीच्या आतल्या बाजूचा पोषक थर, दोन्ही कप्पे जोडणारी ऊती आणि खाली चिकटून राहिलेला केसरतंतूचा तुकडा हे सगळे मूळ झाडाच्या शरीराचेच भाग आहेत, आणि त्यांच्या पेशींत कसाव्याची नेहमीची ३६ गुणसूत्रे असतात. १८ गुणसूत्रे असतात ती फक्त अर्धसूत्री विभाजनातून तयार झालेल्या लघुबीजाणूंत, म्हणजे पुढे ज्यांचे परागकण होतात त्या पेशींत. माध्यमावर ठेवलेला परागकोष काही आठवड्यांनी फुगला, फुटला आणि त्यातून फिकट पिवळा कॅलस, म्हणजे पेशींचा आकारहीन गोळा, बाहेर आला, तर तो यांपैकी कोणत्या पेशींनी तयार केला हे नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही. भातासारख्या पिकात ही अडचण तुलनेने सौम्य असते. कसाव्यात मात्र ती मुख्य अडचण आहे, कारण या झाडाच्या कायिक, म्हणजे शरीराच्या नेहमीच्या, ऊती संवर्धनात भ्रूण तयार करायला मोठ्या तत्पर असतात.

याचा पुरावा जुना आहे. कसाव्याच्या बीजपत्रांच्या तुकड्यांपासून कायिक भ्रूण मिळतात हे स्टँप आणि हेन्शॉ यांनी १९८२ साली दाखविले. पुढे कोवळी पाने आणि खोडाचे शेंडे यांच्यापासूनही तसे भ्रूण मिळविण्याच्या पद्धती रुळल्या, १९९६ मध्ये भुसभुशीत भ्रूणजनक कॅलस हाती आला आणि त्यावरच कसाव्यातील जनुकांतरणाची बरीचशी इमारत उभी राहिली. २००१ मध्ये तर कोवळ्या फुलोऱ्याच्या ऊतींपासूनही कायिक भ्रूण मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. या कामांत नेहमी वापरली जाणारी संप्रेरके म्हणजे टू-फोर-डी, साधारण ४ ते ८ मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि पिक्लोरॅम, १२ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास. दोन्ही ऑक्सिन या वर्गातली आहेत. आता आपण विचारलेल्या संप्रेरकाच्या प्रश्नाकडे या बाजूने पाहा. परागकोषांच्या माध्यमात जे ऑक्सिन घालण्याचा मोह होतो, तेच कसाव्याच्या द्विगुणित (३६ गुणसूत्रांच्या) ऊतींना भ्रूण करायला लावणारे आहे. म्हणजे प्रतिसाद जितका जोरदार, तितकी तो परागकोषाच्या भिंतीतून आला असण्याची शंका अधिक. पुस्तकातला आकडा उचलून माध्यमात घातला की काम झाले, असे येथे होत नाही.

तरीही लोक या वाटेला का जातात, हेही सांगितले पाहिजे. परागकोष संवर्धनाचा उगम आपल्याच देशातला आहे. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ साली धोतऱ्याच्या एका जातीचे परागकोष संवर्धनात ठेवले होते. त्यांना पाहायचे होते ते वेगळेच, पण परागकोषांच्या आत भ्रूण तयार झालेले दिसले आणि ते परागकणांपासून आलेले आहेत हे पुढे सिद्ध झाले. त्यानंतर १९६७ मध्ये तंबाखूत आणि १९६८ मध्ये भातात एकगुणित रोपे मिळाली. एकगुणित रोपाची गुणसूत्रे कोल्चिसीन या रसायनाने दुप्पट केली, किंवा ती आपोआप दुप्पट झाली, की एका फटक्यात पूर्ण शुद्ध वाण हाती येतो. जे साधायला स्वपरागणाच्या अनेक पिढ्या लागतात ते एका पिढीत साधते.

कसाव्याला हा लाभ इतर पिकांपेक्षा जास्त हवा आहे. कसावा खोडाच्या कांड्या लावून वाढवतात, त्यामुळे शेतात असलेला प्रत्येक वाण म्हणजे एका संमिश्र वारशाच्या झाडाची हुबेहूब नक्कल असते. अशा दोन झाडांचा संकर केला की प्रत्येक बी वेगळे निघते, आणि चांगला निघालेला संकर पुन्हा तसाच करून दाखविता येत नाही. स्वपरागण करून शुद्ध जनक तयार करायचे म्हटले, तर प्रत्येक पिढीत मिश्रपणा निम्म्याने कमी होतो. पाच पिढ्यांनंतर तो सुमारे ३ टक्के उरतो, पण कसाव्याची एक पिढी वर्षभरात आटोपत नाही, म्हणून हे काम आठ-दहा वर्षांवर जाते. शिवाय अप्रभावी जनुकांत दडलेले गुण या मिश्रपणामुळे वर येत नाहीत. कोलंबियातील कालीजवळच्या सिआट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत स्वपरागित झाडांच्या संततीत ॲमिलोज हा घटक नसलेल्या, मेणचट स्टार्चचा कसावा सापडला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तो गुण अप्रभावी असल्यामुळे स्वपरागण केल्याशिवाय दिसला नसता. उपवासाला महाराष्ट्रात जो साबुदाणा घरोघरी भिजत घातला जातो तो प्रामुख्याने तमिळनाडूतील सेलम भागात कसाव्याच्या स्टार्चपासून तयार होतो, तेव्हा स्टार्चचा प्रकार बदलणे ही आपल्यासाठीही अगदीच परकी गोष्ट नाही.

सिआटमध्ये परागकोष आणि सुटे लघुबीजाणू या दोन्ही मार्गांवर पद्धतशीर काम झाले. परागकोषांपासून मिळालेल्या रचनांची पेशींच्या आणि रेणूंच्या पातळीवर तपासणी करणारे त्यांचे लेखन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते आपण मुळातून वाचावे, आणि त्यातल्या यशापेक्षा तपासणीचा भाग अधिक लक्षपूर्वक वाचावा. परंतु कुणीही प्रयोगशाळेत नेऊन तशीच चालवावी आणि दर हंगामात शुद्ध वाण काढावेत, अशी रुळलेली पद्धत कसाव्यात तयार झालेली नाही. पूर्ण सुसज्ज संस्थांची गाडी जिथे अडते, तिथे सहा महिन्यांचा विद्यार्थी-प्रकल्प पुढे जाईल अशी आशा मी आपल्याला दाखविणार नाही. त्या वाटेवरचा एखादा तुकडा मात्र नीट करता येण्यासारखा आहे, आणि तो करण्यासाठी प्रथम फुलाची ओळख हवी.

कसाव्याच्या एकाच तुऱ्यावर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुले तुऱ्याच्या बुडाशी, मोजकी आणि आकाराने मोठी. नर फुले वरच्या बाजूला, संख्येने पुष्कळ आणि मादी फुलांच्या निम्म्या आकाराची. मादी फुले आधी उमलतात आणि त्याच तुऱ्यावरची नर फुले त्यानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी. म्हणजे बुडाशी मादी फुले उघडलेली दिसतात तेव्हा वरच्या नर कळ्या अजून घट्ट मिटलेल्या असतात, आणि आपले लक्ष याच काळातील कळ्यांवर हवे. कळी देठापासून तोडताच पांढरा चीक येतो. तो टिपून घ्यावा, नाहीतर कळ्या एकमेकींना चिकटतात आणि पुढे कापलेला भाग काळवंडतो. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली कळी उघडली की पाच परिदलांच्या आत (वेगळ्या पाकळ्या नसतात) नारिंगी रंगाची मधुग्रंथींची चकती आणि तिच्या खाचांमधून निघालेले दहा पुंकेसर दिसतात: पाच लांब, पाच आखूड, दोन वर्तुळांत. ही दोन वर्तुळे एकत्र करू नयेत असे माझे मत आहे. त्यांची वाढ एकाच टप्प्यावर आहे असे गृहीत धरण्यापेक्षा लांब पुंकेसरांचे परागकोष एका पेट्री डिशमध्ये आणि आखूड पुंकेसरांचे दुसऱ्या डिशमध्ये ठेवले, तर नंतर पश्चात्ताप होत नाही. केसरतंतू शक्य तितका मुळापासून काढून टाकावा, कारण माध्यमाला टेकलेला तंतूचा तुकडा कॅलस करायला कुणाचीही वाट पाहत नाही.

टप्प्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक पिकांत लघुबीजाणू एककेंद्रकी अवस्थेच्या उत्तरार्धात असताना, म्हणजे पेशीतील मोठ्या रिक्तिकेमुळे (द्रवाने भरलेल्या पोकळीमुळे) केंद्रक एका कडेला ढकलले गेलेले असताना, किंवा पहिल्या विभाजनाच्या आसपास, त्याला परागकण होण्याच्या मार्गावरून भ्रूण होण्याच्या मार्गावर वळविता येते. त्याआधी तो फार कोवळा असतो आणि स्टार्च भरू लागल्यावर वळत नाही. हा टप्पा कळीच्या लांबीवरून ओळखायचा, पण कोणत्या वाणात किती मिलिमीटरची कळी म्हणजे कोणता टप्पा हे आपल्याच झाडांवर मोजून ठरवावे लागते, कारण वाण आणि हवामान बदलले की ते बदलते. यात कसाव्याचा परागकण स्वतःच अडथळा आणतो. तो गोल, काटेरी आणि असामान्य मोठा असतो. पक्व कणाचा व्यास १०० मायक्रोमीटरच्या वर जातो, आणि बाहेरचे आवरण जाड असते. ॲसिटोकार्मिनने रंगविले की आवरणच रंग धरते आणि केंद्रक दिसता दिसत नाही. त्यासाठी डॅपी हा चमकणारा रंग आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक हवा. आपल्या महाविद्यालयात तो नसेल तर जवळच्या विद्यापीठात ठरावीक दिवशी तो मिळू शकेल का, हे माध्यमाची रसायने मागविण्याआधी पाहून ठेवा.

प्रत्यक्ष संवर्धनाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो कोणत्याही प्रयोगपुस्तिकेत मिळतो. कळ्या ओलसर कागदात गुंडाळून काही दिवस ४ ते १० अंश सेल्सियसला ठेवणे, ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा-एक मिनिट आणि नंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात सुमारे दहा मिनिटे निर्जंतुक करणे, निर्जंतुक पाण्याने तीन वेळा धुणे, लॅमिनार फ्लोमध्ये परागकोष काढून माध्यमावर ठेवणे, आणि डिशा २५ ते २८ अंशांना अंधारात ठेवणे, असा हा क्रम असतो. मर्क्युरिक क्लोराइड काही ठिकाणी अजून वापरतात. विद्यार्थ्यांच्या हाती ते देऊ नये असे मला वाटते. माध्यम म्हणून मुराशिगे-स्कूग किंवा एन-सिक्स या ठरलेल्या सूत्रांपैकी एक, पीएच ५.८. साखरेचे प्रमाण मात्र बदलून पाहण्यासारखे आहे: तंबाखूला २ ते ३ टक्के पुरते, तृणधान्यांत ६ टक्क्यांपर्यंत जातात आणि मोहरीवर्गात १० टक्क्यांच्याही वर. ऑक्सिन नसलेली एक डिश प्रत्येक फेरीत ठेवा. लघुबीजाणू वळविण्याचे काम अनेक पिकांत थंडी, उष्णता किंवा उपासमार यांचा ताण करतो, ऑक्सिन नव्हे. त्यामुळे ऑक्सिनशिवाय काही घडले तर ते अधिक मोलाचे असेल.

आता ज्यावर सगळे अवलंबून आहे ती पडताळणी. समजा आपल्याला रोप मिळाले. पानाचा तुकडा फ्लो सायटोमेट्रीसाठी दिला आणि डीएनएचे प्रमाण मूळ झाडाच्या निम्मे निघाले, तर प्रश्न मिटला. रोप एकगुणित आहे. खात्रीसाठी मुळाच्या टोकात १८ गुणसूत्रे मोजता येतील. परंतु प्रमाण मूळ झाडाइतकेच निघाले तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे रोप परागकोषाच्या भिंतीतून आले आणि ते मूळ झाडाची नक्कल आहे. दुसरी म्हणजे ते लघुबीजाणूपासूनच आले, पण संवर्धनात गुणसूत्रे आपोआप दुप्पट झाली, आणि आपल्याला हवे होते तेच हाती पडले. एक निरुपयोगी आणि दुसरे बहुमोल, आणि फ्लो सायटोमीटर या दोहोंत फरक करू शकत नाही. तो करतात एसएसआर मार्कर, म्हणजे डीएनएतील लहान पुनरावृत्त तुकड्यांच्या खुणा. मूळ झाडात ज्या ठिकाणी जनुकाची दोन वेगळी रूपे आहेत असे अनेक मार्कर आधी निवडायचे. भिंतीतून आलेल्या रोपात त्या प्रत्येक ठिकाणी दोन्ही रूपे दिसतील. लघुबीजाणूपासून आलेल्या रोपात प्रत्येक ठिकाणी एकच. म्हणून मूळ झाडाची मार्कर-तपासणी पहिली कळी तोडण्याआधी झालेली असावी. ज्या झाडात बहुतेक मार्करवर एकच रूप असेल ते झाड या प्रयोगाला घेऊ नये, कारण मग रोपांकडून काहीच उलगडा होणार नाही.

यात आणखी एक खाचखळगा आहे. कॅलसच्या गोळ्याचा डीएनए काढून तपासला तर त्यात भिंतीच्या पेशी आणि दोन-चार वेगवेगळ्या लघुबीजाणूंच्या पेशी एकत्र असू शकतात, आणि जेलवर दोन्ही रूपे दिसून खरे यशही अपयश ठरते. तपासणी एकेका भ्रूणाची किंवा एकेका रोपाची करावी. कॅलसच्या बाबतीत मेणात बसवून पातळ छेद घेणे आणि पहिल्या काही दिवसांत विभाजन नेमके कुठे सुरू झाले ते पाहणे हाच भरवशाचा उपाय. हे काम किचकट आहे, पण त्याला महाग यंत्र लागत नाही.

एवढे करूनही एकगुणित भ्रूण तयार झालाच तर तो जगेल याची हमी नाही. कांड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेल्या या पिकात अपायकारक अप्रभावी जनुकांचा साठा मोठा आहे, आणि जोडीदार जनुकाच्या आड ती लपून राहतात. एकगुणित अवस्थेत आडोसाच उरत नाही. स्वपरागित कसावा पिढीगणिक अशक्त होत जातो, आणि तेथे जो ऱ्हास टप्प्याटप्प्याने होतो तो येथे एकदम समोर येतो. म्हणूनच आधी एक-दोन पिढ्या स्वपरागण करून त्यातून टिकलेली सशक्त झाडे परागकोषांसाठी घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, जरी सहा महिन्यांत ते बसणारे नाही.

परागकोषांखेरीज इतर मार्गही चाचपले गेले आहेत. बीजांडांपासून एकगुणित मिळविण्याचा प्रयत्न हा एक. दुसरा म्हणजे गुणसूत्रबिंदूवरील सीईएनएच-थ्री या प्रथिनात फेरफार केलेल्या झाडाशी संकर करणे, म्हणजे त्या जनकाची गुणसूत्रे भ्रूणातून गळून पडतात. मारुथाचलम रवी आणि सायमन चॅन यांनी २०१० साली तो अरेबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत दाखविला. कसाव्यात शेवटी यश या बाजूने येईल असा माझा कल आहे, पण तो महाविद्यालयीन प्रयोगशाळेचा विषय नव्हे.

आपल्याला शुद्ध वाण नको असून केवळ निरोगी रोपे हवी असतील, तर परागकोषांच्या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही. मोझॅक रोगाचे विषाणू काढून टाकण्यासाठी खोडाच्या टोकावरील अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान विभाजी ऊतीपासून रोपे करण्याची पद्धत कार्था आणि गॅम्बोर्ग यांनी १९७५ मध्येच दिली आहे, आणि ती चालते.

प्रकल्पच करायचा असेल तर माझी सूचना अशी. विषयाचे नाव ‘एकगुणित रोपांची निर्मिती’ असे ठेवू नका. एका किंवा दोन वाणांत नर कळीची लांबी आणि लघुबीजाणूचा टप्पा यांचा मेळ घाला, लांब आणि आखूड पुंकेसर वेगळे ठेवून तो तपासा, ऑक्सिनसह आणि ऑक्सिनशिवाय परागकोषांचा प्रतिसाद नोंदवा, आणि मिळालेल्या कॅलसचा उगम पातळ छेदांनी ठरवा. एवढे नीटनेटके झाले तर त्याचा उपयोग आपल्या पुढच्या माणसाला होईल, आणि परीक्षकांपुढे बचाव करण्याची वेळ येणार नाही. झाडांसाठी तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेकडे लिहा. वाणाचे नाव आणि वंशावळ खात्रीची असलेल्या कांड्या हव्यात असे स्पष्ट कळवा. त्यांचा श्री हर्षा हा वाण स्टार्चसाठी चांगला असला तरी तो त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेला आहे, तेव्हा तो मागवू नका. बाजारातून किंवा एखाद्या शेतातून आणलेल्या कांड्यांबरोबर मोझॅक येण्याची शक्यता मोठी असते. पाने पिवळट-हिरवी ठिपकेदार आणि वाकडी दिसणारे झाड दाता म्हणून वापरू नये.

आणि फुलांचा हिशेब आधी करा. कांडी लावल्यानंतर कसावा फांद्या फोडतो तेव्हाच, त्या फाट्यावर, तुरा येतो. फाटे न फुटणारे सरळ वाढीचे वाण फुलायला फार उशीर करतात, काही तर फुलतच नाहीत. फुलणे लवकर व्हावे म्हणून सिआटमध्ये रात्री लाल प्रकाश देऊन आणि कोवळ्या फांद्या छाटून प्रयोग झाले आहेत, ते आपल्याला गच्चीवरही करून पाहता येतील. परंतु आज कांडी लावून याच सत्रात कळ्या मिळतील असे धरून चालू नका. जवळच्या एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर आधीच फाटे फुटलेली झाडे उभी असतील, तर त्यांच्याशी बोलून मगच मार्गदर्शकांकडे विषय नोंदवा.